खांद्यावरचा फोटो

“सांगा माई, आपल्याच गावचा फोटो समोर धरला आणि माणूस म्हणाला, ‘कुठलं रे हे गाव?’... तर तुम्ही काय कराल?”

दिगंबर पाष्टे अंगणातच उभा होता. गळ्यात कॅमेरा, बगलेत चादरीत गुंडाळलेली भलीमोठी चौकट. पाणंद चढून धावत आल्यानं त्याला धाप लागली होती.

माई ओटीवर बसून वाल सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“आधी पाणी पिईन,” त्या म्हणाल्या.

दिगंबरनं तांब्या तोंडाला लावला, घटाघट प्यायला आणि तोंड पुसता पुसता पुन्हा म्हणाला, “सांगा ना! काय कराल?”

माई वाल सोलत राहिल्या.

आंबेखोल गावात सगळेच त्यांना माई म्हणत. कधीकाळी त्या इथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. नोकरी संपली तरी त्या माहेरी परतल्या नाहीत. सहाणेच्या वरच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथंच राहिल्या. सहाण म्हणजे गावदेवीची पालखी जिथं टेकते तो चौथरा. माईंनी भगवी वस्त्रं घेतली नव्हती, कुणाला मंत्र दिला नव्हता. पण ज्याचं काही अडलं, तो त्यांच्या ओटीवर येऊन बसायचा. माई फार बोलत नसत. पुष्कळदा माणूस चिडूनच घरी जाई. मग चार दिवसांनी एखादा फणस नाहीतर कोकमं घेऊन परत येई आणि गप्पच बसे.

दिगंबर मात्र स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवायचा. अगदी छाती पुढे काढून.

तो आठवीत असताना माईंनी त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला होता. मध्ये चौकोन कापलेला. “यातून बघ,” त्या म्हणाल्या होत्या. त्या चौकोनातून दिगंबरनं नदी बघितली, बैल बघितले, वर्गातल्या मुलांचे कान बघितले. तो चौकोन त्यानं पुन्हा खाली ठेवलाच नाही. आता चिपळूणला त्याचा स्टुडिओ होता. बक्षिसं होती, कॅलेंडरं होती, पुण्यात प्रदर्शन झालं होतं.

“कुणी विचारलं असं?” माईंनी विचारलं.

“आबांनी.”

माईंचा हात थांबला.

दिगंबरचे वडील, शिवराम पाष्टे. गेल्या पावसाळ्यात त्यांची डावी बाजू गेली. तेव्हापासून ते चिपळूणला, दिगंबरकडे, खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायचे. बोलणं मोजकंच. ‘पाणी’. ‘बस’. ‘नको’.

“सारखे दाराकडे बघत होते, माई. होळी जवळ आली तशी त्यांना कळत होतं काहीतरी. मी म्हटलं, आबा, शिमगा आलाय. तुम्हाला जाता येणार नाही, तर मी शिमगा तुमच्या खाटेपाशी आणतो! आणि हा फोटो आणला. एवढा मोठा करून. चौकट लावून. त्यांच्या पायथ्याशी उभा केला.”

“मग?”

“बघितला. बराच वेळ बघितला. आणि म्हणाले, ‘छान आहे. कुठलं रे हे गाव?’”

अंगणात एक कोंबडी उगाचच ओरडली.

“डॉक्टर म्हणतात, असं होतं. हळूहळू सगळं पुसत जातं. आज गाव गेलं. उद्या...” दिगंबरनं बगलेतली चौकट सारखी केली. “उद्या माझ्याकडे बघून विचारतील, तू कोण? मी काय सांगू त्यांना, माई?”

 माईंनी वालाची परात बाजूला सारली आणि हात पदराला पुसले.

“दाखव,” त्या म्हणाल्या.

दिगंबरनं चादर सोडली. चौकट ओटीच्या खांबाला टेकवून उभी केली आणि दोन पावलं मागे सरला. इतकं दुःख मनात असूनही त्याचा चेहरा उजळला. स्वतःच्या फोटोकडे बघताना तो नेहमीच उजळायचा.

फोटो होताच तसा. नाचणारी पालखी. झालर वाऱ्यावर उडालेली, गुलालाचा लोट उठलेला, आणि त्या लोटातून देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, नेमकी उन्हात आलेली. खाली भोयांचे पाय, धुळीत अर्धे बुडालेले.

माई पुढे वाकल्या.

“अगंबाई!” त्या एकदम म्हणाल्या. “ही तर आपली नवलाई देवी! हा सहाणेवरचा चाफा. ही हिरव्या लुगड्यातली सुलोचना, जळलं हिचं, तोंड बघ कसं उघडंच ठेवलंय! आणि हा माझा हात, ह्या पोराच्या डोक्यामागे. मी इथंच उभी होते दिगू. अस्संच ऊन होतं. अस्साच गुलाल डोळ्यांत गेला होता माझ्या!”

त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

“बघा!” दिगंबर ओरडलाच. “तुम्ही एका क्षणात ओळखलंत! बाहेरगावची माणसं येतात, ज्यांनी पालखी कधी बघितली नाही, ती म्हणतात, ढोल ऐकू येतोय या फोटोतून. यात सगळं आहे, माई. सगळं!”

“सगळं?”

“सगळं! आणि हे बघा, हा पुढचा भोई. हे आबाच आहेत! त्यांनी शेवटची पालखी घेतली तेव्हाचा हा फोटो. झालर आडवी आली म्हणून चेहरा झाकलाय, पण हात त्यांचाच. मनगटावरचा तो व्रण बघा. माणूस स्वतः फोटोत आहे, आणि विचारतो, कुठलं गाव!”

माईंनी मनगटाकडे पाहिलं. मग दिगंबरकडे पाहिलं. मग पुन्हा मनगटाकडे.

“मग आता काय ठरवलंयस?”

“आज पालखी सहाणेवर नाचणार. यंदाचा शेवटचा दिवस. मला असा फोटो काढायचाय, की आबांनी बघितल्याबरोबर उठून बसलं पाहिजे! तुम्ही फक्त सांगा, उभा कुठे राहू? समोरून झाला. चाफ्यावर चढून झाला. जमिनीवर लोळून झाला. म्हणून यंदा ड्रोन आणलाय.”

“ते काय?”

“उडणारा कॅमेरा. वरून काढतो.”

“म्हणजे घारीला दिसते तशी पालखी दाखवणार शिवरामला?”

“माई, थट्टा नको.”

“थट्टा नाही रे. घार बिचारी खूश होईल.”

दिगंबर रागानं ओटीच्या पायरीवर बसला. खालून, गुरवाच्या घराकडून, ढोल तापवल्याचा एकेक ठोका यायला लागला होता. धुम्म... मग थोडं थांबून, धुम्म... तो आवाज ऐकून त्याचे पाय आपोआप हलायला लागले. वेळ थोडा उरला होता.

“तुम्हीच मला बघायला शिकवलंत,” तो म्हणाला. “मग आता सांगत का नाही, कुठून बघू?”

माई उठल्या. अंगणात उतरल्या. चौकटीला हात लावून त्यांनी ती जराशी हलवून पाहिली.

“जड आहे?”

“आहे थोडी. सागवानी आहे.”

“खांद्यावर घे.”

“काय?”

“ही चौकट. खांद्यावर घे.”

दिगंबरला वाटलं, माईंना ती घरात न्यायची असेल. त्यानं चौकट उचलली आणि उजव्या खांद्यावर आडवी टाकली. फोटो वर, आभाळाकडे. काच मानेला गार लागली.

“कुठं ठेवू?”

“ठेवू नकोस. अंगणात फेरी मार.”

“माई...”

“मार.”

आता शिष्य म्हणवायचं तर ऐकायला हवंच. दिगंबर निघाला. तुळशीला वळसा घातला, गोठ्यापर्यंत गेला, परत आला. कोंबड्या पांगल्या. कुंपणापलीकडून कुणीतरी म्हातारी ओरडली, “काय वो फोटोवाले, इकायला काढलाव का काय?”

“काय दिसतंय?” माईंनी विचारलं.

“काय दिसणार? तुळस. कोंबडी. तुम्ही. कुंपणावरची ती बया.”

“आणखी?”

“माझे पाय. शेण. मी त्यात पाय देणार होतो, वाचलो.”

“फोटो दिसतोय?”

“माई, फोटो कसा दिसेल?” दिगंबर जवळजवळ किंचाळलाच. “तो माझ्या खांद्यावर आहे!”

माई मागे वळल्या.

त्या ओटीवर जाऊन बसल्या. परात पुढे ओढली. वाल सोलायला लागल्या.

दिगंबर अंगणात तसाच उभा राहिला. चौकट खांद्यावर. एका बाजूनं मान वाकडी. धुम्म... खालून ढोल वाजला. धुम्म...

मग त्यानं खांद्यावरची चौकट हातानं चाचपली.

“माई,” तो हळूच म्हणाला. “आबांनी... आबांनी ही पालखी कधी बघितलीच नाही.”

“बघितली असेल की. सहाणेवर बसलेली. देवळात टेकलेली.”

“नाचताना नाही बघितली.”

माईंनी आणखी एक वाल सोलला.

“कधीच नाही! जेव्हा जेव्हा नाचली, तेव्हा ते खाली होते. तेच तर नाचवत होते! मी त्यांना जे दाखवलं ते... ते तर त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. मग ओळखतील कसं?” तो ओटीकडे वळला. “ते विसरले नाहीत, माई! विसरले नाहीत!”

“ते मला माहीत नाही,” माई म्हणाल्या. “मी डॉक्टर नाही.”

“मग मी हा फोटो काढला तरी कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

माई इतक्या सहज म्हणाल्या, की दिगंबर गोंधळून बघतच राहिला.

“खरंच सांगते. हा फोटो माझा आहे दिगू. शिवरामचा नाही. मी बाई माणूस. आमच्या इथं बायकांनी पालखीला खांदा कधी दिला नाही. आम्ही ओटी भरली, गुलाल टाकला आणि बघितलं. डोळे भरून बघितलं. म्हणून तुझा फोटो बघितला आणि मला माझे डोळे ओळखीचे वाटले.” त्या हसल्या. “दे तो इकडे. भिंतीवर लावते. पैसे मागशील तर देणार नाही.”

दिगंबरनं चौकट अलगद उतरवून त्यांच्यापाशी ठेवली. पण त्याचं डोकं एव्हाना धावत सुटलं होतं.

“म्हणजे आबांना जे दिसत होतं, त्याचा फोटो हवा! हे आधी का नाही सुचलं! कॅमेरा छातीला बांधतो. छोटा आहे माझ्याकडे, पट्टा लावून रघूच्या छातीवर बांधतो. रघू आता पुढचा भोई आहे, माझा चुलतभाऊ. किंवा थेट दांड्यालाच चिकटवतो. भोयाला दिसतं ते सगळं टिपलं जाईल! धूळ, पाय, गर्दी...”

“बांध की.”

“हो ना? बांधतोच!”

“दांडा किती जड असतो रे?”

दिगंबर थांबला.

“दांडा?”

“पालखीचा. खांद्यावर घेतल्यावर.”

“...माहीत नाही.”

“पाष्ट्यांचा मान आहे पुढच्या दांड्याचा. तुझ्या आजापासून. आणि पाष्ट्यांच्या पोराला माहीत नाही?”

“मी नेहमी समोर असतो, माई. कॅमेरा घेऊन. मी खांदा द्यायला गेलो तर फोटो कोण...”

वाक्य अर्धंच राहिलं. प्रत्येक शिमग्याला आबा त्याला हाक मारायचे, ते त्याला आठवलं. “दिग्या, ये, एक फेरी घे!” आणि तो कॅमेऱ्याआडून हात हलवायचा, थांबा, थांबा, ऊन फार छान आलंय.

खाली सगळे ढोल एकदम सुरू झाले.

माईंनी परातीवर सूप झाकलं. पायांत वहाणा सरकवल्या.

“चल,” त्या म्हणाल्या. “निघाली.”

सहाणेवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं चाफ्यावर चढली होती. मुंबई-पुण्याहून आलेले चाकरमानी आपापल्या बायकामुलांना हात धरून पुढे ओढत होते. सनईवाल्याचे गाल फुगले होते आणि ढोलवाल्यांचे हात दिसेनासे झाले होते, इतके वेगानं ते पडत होते.

“आला, आला फोटोवाला!” कुणीतरी ओरडलं. “गणप्या, पोट आत घे! क्यालेंडरावर यायचंय तुला!”

“माझं पोट आत गेलं तर पालखी कुणाच्या जिवावर पेलायची रं?” मागचा भोई गणपत म्हणाला. सगळे खदखदून हसले.

माई गर्दीतून थेट रघूपाशी गेल्या. रघू पुढच्या दांड्याशी उभा राहून खांद्यावर फडक्याची घडी ठेवत होता.

“रघू, आज दांडा ह्याला दे.”

“कुणाला? ह्या दिग्याला?” रघूनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “माई, ह्याच्या खांद्याला कॅमेऱ्याच्या पट्ट्याशिवाय काय म्हायती न्हाय. पालखी आडवी करंल हा!”

“नाही करणार,” दिगंबर म्हणाला.

आजूबाजूला कुजबुज झाली. पालखी आडवी होणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ती लाज पुढे वर्षानुवर्षं पुरली असती. गावचे वृद्ध मानकरी चौथऱ्यावर बसले होते, त्यांच्याकडे सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी दिगंबरकडे बराच वेळ बघितलं.

“शिवरामाचा ना तू?”

“हो.”

“कसा हाय तुझा बाबा?”

 दिगंबरनं नुसती मान हलवली.

“मान पाष्ट्यांचाच हाय,” म्हातारा म्हणाला. “घेऊ दे त्याला.”

रघूनं आपल्या खांद्यावरची घडी काढून दिगंबरच्या खांद्याकडे हात नेला, पण दिगंबरला इतकी घाई झाली होती की त्यानं ती घेतलीच नाही. तो गळ्यातला कॅमेरा काढत होता. पट्टा कानात अडकला, चष्मा खाली पडता पडता राहिला. शेवटी कॅमेरा त्यानं माईंच्या गळ्यात घातला.

“माई, एक तरी काढा हं! मी दांड्याखाली असलेला. हे बटण. फक्त दाबायचं.”

“बरं.”

“नक्की?”

“बरं म्हटलं ना.”

“ऐक,” रघू त्याच्या कानाशी ओरडला, “चाफ्याला वळलास की खांदा बदल! न्हायतर मेलास. कळलं का? खांदा...”

पुढचं ढोलात बुडालं.

दांडा खांद्यावर आला.

दिगंबरला वाटलं, कुणीतरी त्याला जमिनीत ठोकलं. मागून गणपतनं नेट लावला आणि दांडा जिवंत असल्यासारखा पुढे सरकला. ‘सावर, सावर!’ कुणीतरी म्हणालं. पाय सावरले. मग ढोलाची लय बदलली आणि ती कानांतून आली नाही, दांड्यातून आली. लाकूड थरथरत होतं. ती थरथर हाडांत उतरली, पाठीतून खाली टाचांपर्यंत गेली, आणि त्याचे पाय त्याला न विचारता नाचायला लागले!

काहीच दिसत नव्हतं. गुलाल होता, धूळ होती. समोर नुसती तोंडं, उघडी, ओरडणारी, ओळखीची आणि अनोळखी, येत होती आणि फाटत होती, वाट देत होती. वर कुठंतरी घुंगरं वाजत होती. वर कुठंतरी नवलाई होती. ती कशी दिसते आहे, झालर उडते आहे का, ऊन रूपांवर आलंय का, काही काही कळत नव्हतं. फक्त वजन कळत होतं. वजन डावीकडे झुकलं की तो डावीकडे, उजवीकडे गेलं की तो उजवीकडे. मध्येच एकदा वजन नाहीसंच झालं. पालखी उसळून वर गेली होती. त्या एका क्षणात त्याला वाटलं, गेली, सुटली, संपलं सगळं... आणि ती पुन्हा बरोबर त्याच जागी, त्याच खांद्यावर येऊन बसली. धप्प! त्याच्या तोंडातून हसू फुटलं. मोठ्यानं, वेड्यासारखं. पाठीमागे गणपतही हसत होता.

“बदल! बदल रं!” चाफ्याजवळून रघू घसा फोडून ओरडत होता.

दिगंबरनं ऐकलं नाही. तो नाचत होता.

पालखी सहाणेवर टेकली तेव्हा ऊन उतरलं होतं. दिगंबर चाफ्याच्या बुंध्याशी बसला होता. गुलालानं लाल, घामानं ओला. उजवा खांदा सुजून वर आला होता आणि हात उचलवत नव्हता.

“आडवी न्हाय केलीस,” रघू जाता जाता म्हणाला आणि त्याच्या डोक्यावर टपली मारून गेला.

माई शेजारी येऊन बसल्या. कॅमेरा अजून त्यांच्या गळ्यात होता.

“कसं होतं?” त्यांनी विचारलं.

दिगंबरनं तोंड उघडलं.

“माई, ते... म्हणजे आधी वाटतं की... आणि मग ढोल असा...” त्यानं डावा हात हवेत फिरवला. “नाही. तसं नाही. ते वर जातं ना, तेव्हा...”

तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबला.

मग तो हसायलाच लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला, त्यामुळे गुलाल आणखी पसरला.

“माझा फोटो काढलात?” त्यानं विचारलं.

माईंनी गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे तो जणू आत्ताच दिसल्यासारखं बघितलं.

“अरे देवा. विसरले.”

“विसरलात? माई! एकदाच तर...”

“बघत होते ना.”

दिगंबरनं कपाळावर हात मारला. तोही डावाच.

बायका ओट्या भरून परतत होत्या. चाफ्यावरची पोरं एकेक करून खाली उतरत होती.

“उद्या पहिल्या गाडीनं आबांकडे जातो,” तो म्हणाला. “पण जाऊन करू काय, माई? फोटो तुम्ही ठेवून घेतलात. आजचा एकही निघाला नाही. सांगायला गेलो तर सांगता येत नाही. रिकाम्या हातांनी जाऊ? काय दाखवू त्यांना?”

माई उठल्या. गळ्यातला कॅमेरा काढून त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला. लुगड्याची धूळ झटकली.

“आज खांद्याला तेल लावू नकोस,” त्या म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर आबांची उशी नीट करायला वाकला, तेव्हा आधारासाठी आबांचा उजवा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तो कळवळला, आबांची बोटं सुजेवरून इकडून तिकडे फिरली, थांबली, पुन्हा फिरली, आणि ते म्हणाले, “दिग्या, गाढवा, चाफ्याला वळताना खांदा बदलायचा असतो!” मग त्यांनी त्याला ती उशी खांद्यावर घ्यायला लावली आणि खांदा कसा बदलायचा ते चहा गार होईपर्यंत शिकवलं.